वहीत ठेवलेली जागा

दिवाळे गावच्या मासळी बाजारात त्या सकाळी एक घोटाळा झाला, आणि तो पुतळाबाईंनी केला. मुद्दाम नाही केला. मुद्दाम करायला त्यांना सवड कुठे होती?

पालिकेची गाडी प्लास्टिकच्या पिशव्या जप्त करत बाजाराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती, आणि सगळ्या जणींनी आपापल्या पिशव्या टोपल्यांखाली सारल्या होत्या. नेमका तेव्हाच पुतळाबाईंसमोर एक तरुण उभा होता. मासळी घ्यायला आला होता तोही हात हलवत, पिशवीबिशवी काही नाही. बोंबील ताजे आहेत की नाहीत हे कळावं म्हणून तो त्यांच्यावर वाकून मोठ्या गांभीर्याने पाहत होता.

"तू सरोजिनीबायचा पोरगा ना रं?" पुतळाबाई म्हणाल्या. "मंग बोंबलाकडं असं काय बघतंस? त्यो काय बोलनार हाय?"

तो हसला. हो, सरोजिनीबाईंचाच मुलगा, निखिल. आईचा गुडघा दुखतोय म्हणून आज तिने त्याला पिटाळलं होतं. सीबीडीतल्या सोसायटीत राहणाऱ्या सरोजिनीबाई म्हणजे पुतळाबाईंचं जुनं गिऱ्हाईक. दोघींची घासाघीस ऐकायला शेजारच्या कोळणीसुद्धा हातातलं काम थांबवत. तेव्हा तिच्या मुलाला रिकाम्या हाताने पाठवणं बरं दिसलं नसतं. पुतळाबाईंनी मागे हात घातला, घरून निघताना रद्दी म्हणून उचललेल्या गठ्ठ्यातले कागद ओढले, आणि ओले लिबलिबीत बोंबील त्यात गुंडाळून त्याच्या हातात ठेवले.

तो दिसेनासा होतोय तोच त्यांची लेक उन्नती धापा टाकत बाजारात शिरली. टेबलावरचा गठ्ठा कुठे गेला, एवढंच तिने विचारलं, आणि आईच्या चेहऱ्यावरूनच तिला उत्तर कळलं.

ती रद्दी नव्हती हो. पुण्याहून मागवलेला जाड, खरखरीत हातकागद होता. रात्री बसून तिने त्याच्या घड्या घातल्या होत्या. चार चार ताव एकात एक बसवून जो लहानसा जुडगा होतो त्याला बाइंडर लोक जुज म्हणतात. असे जुज एकामागून एक दोऱ्याने शिवले की वही उभी राहते. उन्नती हेच करायची. आर्ट कॉलेजात चित्रकला शिकायला गेली आणि पुस्तक बांधायचं वेड घेऊन आली. घराच्या पुढच्या खोलीत तिने दुकान थाटलं होतं, हाताने शिवलेल्या वह्यांचं. दिवाळ्यात जाळं विणणारे हात पुष्कळ होते, वही विणणारी ही एकटीच, असं तिचे बाबा गोटीराम होडीवर सगळ्यांना कौतुकाने सांगत.

ती धावत सुटली आणि रिक्षा स्टँडपाशी तिने त्याला गाठलं.

"अहो... थांबा. ते कागद माझे आहेत."

निखिलने हातातल्या पुडक्याकडे पाहिलं. खालून पाणी टपकत होतं.

"आणि बोंबील?"

"बोंबील तुमचे. कागद माझे."

"आता यांना वेगळं कसं करायचं?" त्याने खरोखरच विचारात पडून विचारलं.

रिक्षा स्टँडच्या कठड्यावर दोघांनी मिळून पुडकं सोडलं. एक पूर्ण जुज भिजून गेला होता. मधोमध करडा डाग, आणि डागाच्या कडेने तपकिरी रेघ. वरच्या तावाचा तर तुकडाच पडला. उन्नतीला एकदम रडू आलं; आणि अनोळखी माणसासमोर, हातात बोंबील घेऊन रडू येणं फार वाईट. तिने मान फिरवली. पण त्याने पाहिलं होतं.

"याची वही होणार होती?"

"होणार होती."

"मग होऊ दे ना," तो म्हणाला. "मला करून द्या. हे कागद त्यात घालून."

"डाग राहील. वास राहील."

"वासच हवाय," असं म्हणून तो ओशाळला, आणि मग त्याने सांगून टाकलं. तो मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. थोड्या आठवड्यांनी पुन्हा निघायचं होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. तिथे खाली इंजिन रूममध्ये एकच वास, तेलाचा. घर आठवतं, आईचा आवाज आठवतो, पण खाडीचा वास किती आठवू म्हटलं तरी आठवत नाही.

बोंबलाच्या वासावरून सोसायटीच्या लिफ्टमध्ये भांडणारी माणसं उन्नतीने पाहिली होती. त्या वासासाठी झुरणारा हा पहिलाच. तिने मान हलवली, आणि कागद पदरात घ्यावेत तसे ओढणीत घेऊन ती घरी आली.

पुढचे दिवस कसे गेले ते तिला नंतर पुष्कळदा आठवायचं होतं, म्हणून तेव्हाच नीट लक्षात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा ती कागद वाळवण्यात दंग होती. ओले ताव टिपकागदात ठेवायचे, वर वजन, टिपकागद बदलायचा, पुन्हा वजन. हवा दमट. निखिल "वाळले का?" विचारायला यायचा. एवढ्या प्रश्नासाठी फोन पुरला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलत नव्हते. तो स्टुलावर बसायचा. खळ कशी शिजवतात, तिला कसर लागू नये म्हणून मोरचूद का घालतात, वह्या दाबायच्या लाकडी शिकंज्याचा पीळ कुठपर्यंत आवळायचा, असलं काहीबाही विचारायचा. यंत्रावर काम करणारा माणूस. शिकंजा त्याला फार आवडला. तेल घालू का म्हणून त्याने विचारलं, तेव्हा उन्नतीने त्याला कागदांपासून चार हात लांब बसवलं.

शनिवारी अरविंदकाका यायचे. सरकारी छापखान्यात जन्म काढलेला बाइंडर, आता निवृत्त होऊन कोपरखैरण्याला मुलाकडे. उन्नतीचे ते गुरू. चहा घेऊन झाला की तिची शिवण उलटीसुलटी करून पाहायचे आणि काही बोलले नाहीत तर ती शाबासकी समजायची. स्टुलावरच्या पाहुण्याकडे त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पुन्हा चहा मागितला.

शिवायला घेण्याआधी उन्नतीने निखिलला तो प्रश्न केला, जो ती प्रत्येक गिऱ्हाइकाला करायची.

"वहीत नुसतं लिहिणार, की काही चिकटवणार?"

"फरक पडतो?"

पडतो तर. तिने काकांनी दिलेला एक जुना आल्बम काढून दाखवला. फोटोंनी भरलेला, तरी मिटला की सपाट. जुजांच्या मध्ये कागदाच्या अरुंद पट्ट्या शिवल्या होत्या, बोटाएवढ्या रुंद. पट्ट्यांमुळे पाठ जाड होते आणि आत तेवढी जागा राहते. फोटो लावले की पाठ आणि तोंड सारखं होतं. पट्ट्या न घालता चिकटवत सुटलं तर वहीचा जबडा वासतो. आणि पट्ट्या घातल्या पण काहीच चिकटवलं नाही, तर वही पाठीत फुगलेली आणि तोंडाशी खपाटीला गेलेली दिसते.

"वाईट दिसते?"

"बाइंडरचं नाव जातं," उन्नती म्हणाली.

त्याने विचार केला. "मग पट्ट्या नकोत. तिथे काय मिळणार चिकटवायला... समुद्र काही कापून लावता येत नाही. नुसतं लिहीन."

"बरं," ती म्हणाली, आणि तिला कारण नसताना वाईट वाटलं.

शिवायला त्यानेच मदत केली. जुज एकमेकांवर धरून ठेवायचे, तिने टोच्याने भोकं पाडायची, मेण चोळलेला दोरा आतून बाहेर ओढायचा. त्याची बोटं कागदाच्या अलीकडे, तिची पलीकडे. दोरा ताणला की दोघांच्या हातांना तो ताण कळायचा.

"घट्ट धर," ती म्हणाली. "सरकतंय."

"धरलंय." तिने पुढचा टाका ओढला. "आत्ता मला अरेतुरे केलंत."

"कामात केलं."

"मग काम चालू दे," तो हळूच म्हणाला, "उन्नती."

ती सुईकडेच पाहत राहिली. पण सुई दोन वेळा चुकीच्या भोकात गेली, तीही रोजच्या सवयीची सुई.

आणि त्या संध्याकाळी तो गेल्यावर उन्नतीने जे केलं ते कुठल्याही शहाण्या बाइंडरने केलं नसतं. तिने शिवण उसवली. पांढऱ्या कागदाच्या अरुंद पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक दोन जुजांच्या मध्ये एकेक घालून वही पुन्हा शिवली. गिऱ्हाइकाने स्पष्ट नको म्हटलं होतं. का घातल्या, हे तिने स्वतःलाही त्या वेळी धड विचारलं नाही. नुसत्या लिहायच्या वहीत आपल्याला कुठेच जागा नाही, एवढंच तिला सारखं वाटत होतं.

अरविंदकाकांच्या नजरेतून असलं काही सुटायचं नाही. त्यांनी वहीची पाठ चिमटीत धरून पाहिली.

"पट्ट्या कोणी सांगितल्या?"

"गिऱ्हाइकाने."

"हौशी दिसतोय," काका म्हणाले, आणि त्यांनी वही खाली ठेवली.

वरून लावायला कापड हवं होतं. उन्नतीने आईचं एक जुनं हिरवं लुगडं मागितलं. पुतळाबाईंनी ते ट्रंकेतून काढून दिलं, पण देताना हात जरा मागेच ठेवला. "माजं लुगडं जहाजावर निंगालं म्हन," त्या म्हणाल्या. "आनी तू गो? तू कवा सांगनार हायस त्याला?" उन्नतीने काय सांगायचं आहे असं विचारलं, तर त्यांनी ट्रंकेचं झाकण आपटलं.

सांगायचं तिने ठरवलं होतं. वही शिकंज्यातून काढायची, त्याच्या समोर उघडायची, तो पट्ट्या बघून का म्हणून विचारेल, आणि मग... तिथपर्यंत तिने मनात पुष्कळदा येरझाऱ्या घातल्या होत्या. पण जहाजाच्या कंपन्यांना कोणाच्या मनाशी काय करायचंय. निखिलला दुपारी फोन आला, जहाज बंदराला आधी लागतंय, पहाटेचं विमान. तो संध्याकाळी धावत आला तेव्हा वही अजून दाबाखालीच होती, खळ ओली होती.

तिने वही काढली, पांढऱ्या कापडात गुंडाळली, सुतळीने करकचून बांधली.

"दोन दिवस उघडू नकोस. पुठ्ठा वाकेल."

"बरं."

"आणि खाऱ्या हवेत ठेवू नकोस."

"जहाजावर?" तो म्हणाला, आणि दोघंही हसले. गल्लीच्या टोकाला रिक्षा थांबवून ठेवलेली होती. त्याने वही छातीशी धरली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... "येतो," म्हणाला. ती "ये" म्हणाली. यापलीकडे काही झालं नाही. रिक्षा वळली तरी उन्नती दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती, आणि सांगायचं ते सगळं तिच्यापाशीच राहिलं होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. कोळ्याच्या घरात वाट बघण्याचं नवल नसतं. बाबांची होडी रोज जाते, रोज येते. पण होडी येते ती भरतीची वेळ पाळून. निखिलच्या जहाजाला भरतीओहोटी काही नव्हती. उन्नतीने फोनवर ते जहाजं दाखवणारं ॲप घेतलं. निळ्या नकाशावर एक छोटा हिरवा बाण, तो म्हणजे निखिल. किनाऱ्यालगत असला की बाण सरकायचा. खोल समुद्रात गेला की शेवटचा जिथे दिसला तिथेच अडकून पडायचा, दिवसच्या दिवस. संध्याकाळी ती जेटीवर जाऊन बसायची. पलीकडे बंदराच्या क्रेनचे दिवे लागायचे, खाडीत रोहित पक्षी आले आणि चिखलात पाय रोवून उभे राहिले, बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत पडले. वारा फिरला की तो वास यायचा, आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. हा वास आपण त्याला बांधून दिला, आणि आता आपल्यालाच सोसवेना, असं तिला व्हायचं.

त्याचे मेसेज बंदराला लागलं की यायचे. जेवण, हवा, इंजिनाची कटकट. एकदा आला तो असा:

"तुझी वही वाकडी आहे. पाठीत फुगीर, तोंडाशी बारीक. असं का?"

उन्नती हाताची खळ धुवायची विसरली. हाच तो प्रश्न. याचीच तिने वाट पाहिली होती, फक्त तो समोर उभा राहून विचारणार होता आणि ती त्याच्या डोळ्यांत बघून सांगणार होती. काचेवर बोटाने टाइप करून कसं सांगायचं? तिने लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी गेलं ते हे:

"दमट हवेत पुठ्ठा ओढला गेला असेल. आलास की दुरुस्त करून देते."

पाठवल्याबरोबर तिला कळलं की आपण काय करून बसलो. दुरुस्ती म्हणजे काय? वही उसवायची आणि पट्ट्या काढून टाकायच्या. तिने जी एकच गोष्ट त्याला न बोलता सांगितली होती, ती तिने स्वतःच खोटी ठरवली होती. तरी एक आशा उरत होती. निदान दुरुस्तीला तरी तो येईल.

त्या आशेवर हिवाळा गेला. होळीच्या सुमारास एका सकाळी पुतळाबाई बाजारातून आल्या आणि नेहमीसारख्या बोलत्या झाल्या नाहीत. विळी पाटाखाली ठेवली, पाय धुतले. मग म्हणाल्या, सरोजिनीबाय आली होती. कोळंबी घेतली. निखिलसाठी मुली बघतायत, दोन फोटो त्याला पाठवलेत, यंदा आला की उरकून टाकायचं म्हणत होती. उन्नतीने "बरं" म्हटलं आणि दुकानात जाऊन दार ओढून घेतलं.

आणि देवाला गंमत सुचावी तशी त्याच आठवड्यात त्याचा मेसेज आला. "वहीला दुरुस्तीची गरज राहिली नाही. तू काळजी करू नकोस."

गरज राहिली नाही. तिने फोन पालथा ठेवला. रडली, चांगली पोटभर रडली. इथे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. मग तोंड धुऊन एका वकिलाच्या ऑर्डरचे पुठ्ठे कापायला बसली. ॲप तिने काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. बाण आफ्रिकेच्या खाली कुठेतरी अडकला होता.

अरविंदकाकांनी त्या शनिवारी तिची शिवण पाहिली आणि पहिल्यांदाच बोलले. दोरा फार आवळतेस, म्हणाले, कागद फाटेल. आणि चहा न घेता बसून राहिले, संध्याकाळची बस येईपर्यंत.

मे महिना सरत आला होता. दुपारची वेळ, उन्नती कापडाला खळ लावत होती. दारात सावली पडली म्हणून तिने मान वर केली.

निखिल होता. रापलेला, वाळलेला, दाढी वाढलेली. पण हे सगळं तिने नंतर पाहिलं. बाइंडरच्या डोळ्यांना सवयच वाईट. तिने आधी पाहिली ती त्याच्या काखेतली वही. आईचं हिरवं लुगडं. कडा मळलेल्या. आणि पाठ नि तोंड... सारखं. दोन्ही पुठ्ठे एकमेकांना समांतर, दुकानातल्या त्या आल्बमसारखे. फक्त शेवटाकडे केसाएवढी फट.

तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला. अशी वही आपोआप सपाट होत नाही. महिनोन् महिने कोणीतरी एकेका पट्टीजवळ काहीतरी आणून लावावं लागतं, जाडी बघून, जपून. उन्नतीला आनंद आवरेना.

"गरज राहिली नाही म्हणालो होतो ना," तो म्हणाला.

"दे इकडे."

तिने वही टेबलावर ठेवून तिच्यावर तळवा दाबला. कुठे काही दबलं नाही.

"उघड की."

"नको. आधी मला बोलू दे." तिने ब्रश खाली ठेवला. "पुठ्ठा ओढला गेला नव्हता. मी खोटं लिहिलं. पट्ट्या मीच घातल्या होत्या... तू नको म्हणाला होतास तरी."

"का घातल्यास?"

आता तो समोर होता, आणि तिला खाली बघायचं नव्हतं.

"लिहिलेलं तू तुझं तुझं वाचलं असतंस. पण काही चिकटवलं की ते कोणाला तरी दाखवावंसं वाटतं. तू दाखवायला यावंस, म्हणून. माझ्याकडे."

"आणि आलोच नसतो तर?"

"तर वही वाकडी राहिली असती," ती म्हणाली. डोळे भरले होते, तरी तिला हसू आलं. "आणि बाइंडरचं नाव गेलं असतं."

मग तो स्टुलावर बसला, त्याच्याच जुन्या स्टुलावर, आणि सांगू लागला. सुरुवातीला त्यालाही वाटलं, वही बिघडली. इंजिनीअरचा जीव, व्हर्नियर घेऊन त्याने पाठ मोजली, तोंड मोजलं. मग उघडून पाहिलं तर जुजांमध्ये पट्ट्या, सगळीकडे, सारख्या अंतरावर. आल्बम आठवला. इतक्या पट्ट्या कोणी चुकून शिवत नाही. तरी खात्री करावी म्हणून त्याने तिला विचारलं, आणि तिने पुठ्ठ्याचं कारण दिलं.

"तेव्हा मला पक्कं कळलं," तो म्हणाला. "पुठ्ठा ओढला गेला तर वहीचं तोंड बाहेर वळतं. आत नाही. तूच शिकवलं होतंस."

तिने वही उघडली. साखरेच्या पुड्यांचे कागद, केळ्यांवरचे स्टिकर, कुठल्याशा बंदरातलं बसचं तिकीट, एक पीस, इंजिनाच्या गॅस्केटची गोल चकती, न समजणाऱ्या लिपीतलं चहाचं लेबल. मधला डागाळलेला जुज तेवढा त्याने मोकळा ठेवला होता; तिथली पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती. आणि अख्ख्या वहीत कुठेही एक अक्षर नव्हतं.

"नुसतं लिहीन म्हणाला होतास."

"बसायचो लिहायला. पण एकच गोष्ट सुचायची, आणि ती कागदाला सांगून काय करू." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू मला फार आवडतेस, उन्नती. तिथे दिसत नव्हतीस तरी रोज आवडायचीस. इथून जातानाच सांगणार होतो... जमलं नाही."

बाहेरून कोणीतरी मोटरसायकल दामटत नेली. तिने वहीचं शेवटचं पान उलटलं.

"मलाही जमलं नाही," ती म्हणाली. मग तिने ते विचारलंच. "आणि ते फोटो? तुझ्या आईने पाठवलेले?"

"तुझ्यापर्यंत बातमी आली?" तो हसू लागला. "मी तिला कळवलं, शोध थांबव. तू मासे घेतेस तिथेच विचारायचंय. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाली, पुतळा घासाघीस फार करते, तयारीत राहा."

उन्नती हसली, आणि मग हसता हसता थांबली. "तू परत जाशील ना?"

"पावसाळा संपला की."

तिला ते माहीत होतं. तो बाण पुन्हा निळ्या नकाशावर जाणार, पुन्हा कुठेतरी अडकणार, आणि ती जेटीवर बसणार. वाट बघणं काही संपणार नव्हतं. पण कोणाची वाट बघतोय हे आता मोठ्याने म्हणता येणार होतं.

"शेवटची एक जागा रिकामी आहे," ती म्हणाली. वहीच्या अखेरच्या पट्टीवर तिचं बोट होतं.

"ठेवलीय. ती तुझी."

तिने टेबलाचा खण उघडला. सगळ्यात खाली, टिपकागदात, तिने जपून ठेवलेला तुकडा होता. रिक्षा स्टँडच्या कठड्यावर फाटलेल्या तावाचा, करड्या डागाचा. निखिलने तो नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले.

तिने तुकड्याला खळ लावली, जागेवर बसवला, वर मेणकागद ठेवला. वही शिकंज्यात सारली. पिळाच्या दांड्यावर एका बाजूने तिचा हात होता, दुसऱ्या बाजूने त्याचा; पुरे झालं असं ती म्हणेपर्यंत दोघांनी मिळून आवळलं.

"आता उद्यापर्यंत उघडायची नाही," ती म्हणाली.

"म्हणजे मला उद्या यावं लागणार."

"यावं लागणार."

"आईला घेऊन आलो तर?"

उन्नतीने दाराबाहेर, बाजाराच्या दिशेने पाहिलं. "मग सकाळी या. माझी आई तेव्हा टोपलीपाशी असते." तो पायरी उतरला तेव्हा तिने पुन्हा हाक मारली. "आणि हे बघ... येताना पिशवी आण."